बारा किलोबाइटचा अपरिग्रह

जुन्या, स्वस्त राउटरमध्ये फ्लॅश मेमरी बहुधा 4 मेगाबाइटची असते. लिनक्सचा गाभा, वायफायचे ड्रायव्हर, सेटिंगचे पान, सगळे तेवढ्यातच बसवायचे. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली राउटरवर दुरून लॉगिन करण्यासाठी ड्रॉपबेअर हा आटोपशीर एसएसएच सर्व्हर वापरते. 2020 मध्ये ड्रॉपबेअरमध्ये एड25519 ही नवी स्वाक्षरीपद्धत आली. तिची स्वाक्षरी अवघी 64 बाइटची, तर 2048 बिटांच्या आरएसएची 256 बाइटची. स्वाक्षरी चिमुकली असली तरी ती हाताळणाऱ्या कोडमुळे प्रोग्राम सुमारे 12 किलोबाइटने फुगतो. म्हणून कमी फ्लॅशच्या यंत्रांसाठी ओपनडब्ल्यूआरटीत हा पर्याय आपोआप निवडला जात नाही.

जवळ काय ठेवावे नि काय टाकावे, हा प्रश्न अर्थात राउटरपेक्षा फार जुना. अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे काही न साठवणे, हा योगसूत्रांतल्या पाच यमांपैकी शेवटचा. जैनांच्या महाव्रतांतही तो पाचवा. त्याचा ढोबळ अर्थ घेतला, तर 12 किलोबाइट नाकारणे हा संयमच ठरेल. तसे मानण्यात घोटाळा आहे. व्रत घेणारा स्वतःच्या वाट्याचे सोडतो. इथे सोडणारा प्रोग्रामर, आणि उघड्यावर पडणारा भलताच. त्याला कोणी विचारलेलेही नसते. कधी तर तो राउटरचा मालकही नसतो. ऑक्टोबर 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने बळकावलेल्या कॅमेऱ्यांनी आणि राउटरांनी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीच्या सेवेवर हल्ला चढवला, आणि अनेक मोठी संकेतस्थळे कित्येक तास अडखळली. मिराई शिरला तो कारखान्यातून आलेल्या, कधीच न बदललेल्या पासवर्डांमुळे. त्यात क्रिप्टोग्राफीचा दोष नव्हता. पण दुबळ्या यंत्राचा भुर्दंड तिऱ्हाइताला पडतो, हे त्यातून दिसले. यमांत पहिली येते अहिंसा, आणि व्यासभाष्य बाकीच्या यमनियमांचे मूळ तिच्यातच पाहते. त्या क्रमाने पाहता सुरक्षितता कापून साधलेला आटोपशीरपणा अपरिग्रहात बसत नाही.

जागा करायचीच तर आधी जुने काढावे. एसएचए-1 या जुन्या हॅशवर उभी असलेली आरएसए स्वाक्षरी ओपनएसएसएचने 2021 मध्ये मूळ मांडणीतून वगळली. तरी 'कुणाला तरी लागेल' म्हणून असे जुने अल्गोरिदम ठिकठिकाणी जपले जातात. परिग्रह म्हणायचे ते याला.

हा मार्गही एका मर्यादेपर्यंतच जातो. क्वांटम संगणकाला तोंड देण्यासाठी 2024 मध्ये प्रमाणित झालेल्या एमएल-केईएम-768 या की ठरवण्याच्या पद्धतीची पब्लिक की 1184 बाइटची आहे. त्याच कामाच्या आधीच्या एक्स25519 ची 32 बाइटची. शेवटी यंत्रच अपुरे पडते: 4 मेगाबाइटच्या राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची अधिकृत साथ 19.07 या मालिकेबरोबर संपली, आणि त्या मालिकेच्या सुरक्षा-दुरुस्त्याही 2022 मध्ये थांबल्या.