परक्याचें मूल आपल्या छपराखालीं

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे मुलें एकमेकांच्या घरीं रात्रीं निजावयास जाण्याचा हट्ट धरितात. शहरांत या प्रकारास हल्लीं इंग्रजी नांव पडलें आहे. खेड्यांत तो नांवावांचूनच पूर्वापार चालत आला. ओट्यावर वाकळा पसरावयाच्या, भुतांच्या गोष्टी सांगावयाच्या, मध्यरात्रीं शेंगदाणे खावयाचे, आणि तीन वेळां दटावल्याखेरीज डोळे मिटावयाचे नाहींत, हा त्यांतला आनंद. (तिसऱ्या दटावणीचाही फारसा उपयोग होतो असें आम्हांस आढळलें नाहीं.) तो आनंद हिरावून घ्यावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं.

आमच्यापुढें प्रश्न निराळा आहे. मूल पाठविणाऱ्या आईनें, "रात्रीं घरांत कोण कोण असणार? मुलें कोठें निजणार?" असें विचारिलें, तर तो यजमानाचा अपमान होय काय? पुष्कळांस तसें वाटतें. "आमच्यावर विश्वास नाहीं काय?" एवढें म्हटलें कीं ती बाई गप्प होते. परंतु पायलीभर दाणे उसने नेले तरी माप शिगेचें कीं सपाट, हें दोन्ही घरें पाहतात, आणि त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. मग मुलाविषयींच तेवढा हिशेब कां नको?

मोठा पाहुणा आपली काळजी आपण घेतो. न रुचलें तर उठून निघतो. मुलास तें साधत नाहीं. परक्या घरांत तें भिडेनें अर्धें होतें. पाणी मागावयास लाजतें. अंधारांत बाहेर जावयाचें तर कोणास उठवावें हें त्यास कळत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें आईबापांनीं विचारावें हें रास्त, आणि यजमानानें न विचारतां सांगावें हें त्याहून बरें.

विश्वास ही मनाची गोष्ट आहे. मण्यार सापास ती कळत नाहीं. हा साप रात्रीं फिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो, आणि पुष्कळदां वेदना इतकी थोडी असते कीं झोपही मोडत नाहीं. पुढें पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होऊन मिटतात, आणि घरचीं माणसें खाणें बाधलें असें समजून ओवा देत बसतात. अशा मुलास मांत्रिकाकडे न नेतां, सर्पदंशावरील लस मिळेल त्या रुग्णालयांत तत्काळ नेलें पाहिजे. मुलांस खाटेवर निजवावें. खाटा पुरत नसल्या तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चहूंकडून अंथरुणाखालीं खोंचाव्या. मच्छरदाणी लावल्यानें घराची अब्रू गेली असें कोणी मानीत नाहीं.

दुसरें भय माणसांचें. तें लिहितांना संकोच होतो. पण संकोचानेंच आजवर पुष्कळ हानि केली आहे. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा बहुतेक वेळां त्यांच्या ओळखीचाच असतो, हें राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतून वर्षानुवर्षें दिसत आलें आहे. म्हणून मुलांनीं एकत्र व मोठ्यांच्या नजरेच्या टप्प्यांत निजावें. एकट्यास कोणी निराळें बोलावूं नये. बोलावणारा घरचा मामा असो कीं मंडळीचा उपदेशक असो. असा प्रकार कळूनही पोलिसांस न कळविणें हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें गुन्हा आहे. तेथें अब्रूची सबब चालत नाहीं. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही मदत मागूं शकतें.

आमच्याच घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा आमच्याकडे निजावयास आला होता. मध्यरात्रीं तो उठून बसला आणि "घरीं जातों" म्हणाला. त्याचें घर चार दारें पलीकडे. आम्हीं म्हटलें, "आतां नेलें तर तुझ्या घरचे काय म्हणतील? उजाडूं दे." तो रडला नाहीं, भिंतीकडे तोंड करून पहांटेपर्यंत तसाच बसला. सकाळीं त्याच्या आईनें विचारलें, "नीट झोंपला ना?" आम्ही "हो" म्हणालों. आदल्या सांजेस तिनें कांहींच विचारलें नव्हतें. विचारतें तर आम्हांस राग आला असता. तेव्हांपासून मुलें निजावयास आलीं कीं विजेरी व चपला दाराशीं ठेवितों, आणि कितीही वाजले तरी घरीं पोंचवूं, हें त्यांच्या आयांसमोरच त्यांस सांगतों.