कठडा कोणी बांधावा?

बांधकामावर कोणी पडला की आपल्या तोंडी तीन वाक्ये येतात: त्याचे नशीब, त्याचा निष्काळजीपणा, किंवा कंत्राटदार पाहून घेईल. या तिन्हींत घर बांधवून घेणारा मालक कोठेच दिसत नाही. त्याच्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

बांधकामावरील इजा अनपेक्षित नसतात. परांचीवरून वा स्लॅबच्या कडेवरून माणूस पडतो. मृत्यूचे हे एक मोठे कारण आहे. सेंट्रिंगच्या फळीचा खिळा पायात जातो आणि धनुर्वाताचे भय उभे राहते. ओल्या सिमेंटाने कातडी भाजते. छिन्नीची कपची डोळ्यात उडते. घमेली वाहून मान व कंबर जाते. पायाच्या खोल खड्ड्याची बाजू ढासळून माणूस गाडला जातो. दगड व फरशी कापतानाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस होतो. त्याला तर कोणी अपघातही म्हणत नाही.

यांवरचे उपाय साधे आहेत: कठडा, घट्ट बांधलेल्या फळ्या, रबरी बूट, हातमोजे, चष्मा, धूळ बसवायला पाणी. मग ते का नसतात? दर ठरवताना आपण घासाघीस करतो, आणि कंत्राटदार प्रथम हेच गाळतो. पुऱ्या झालेल्या घरात त्यांची उणीव दिसत नाही.

अनुवाद 22:8 मध्ये नव्या घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी पडलाच तर रक्ताचा दोष त्या घरावर येतो. ही आज्ञा बांधून झालेल्या घराविषयी आहे, हे खरे. पण तिचा रोख पाहा. सांभाळून चाल, असे ती पडणाऱ्याला सांगत नाही. मालकाला आधी खर्च करावयास लावते. शिलोहातील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांना इतरांहून अधिक दोषी मानण्यास प्रभूनेही नकार दिला (लूक 13:4).

कोणी म्हणेल, मजूरच हेल्मेट काढून ठेवतो. असे घडतेही. परंतु रोजावर जगणाऱ्याने धोक्याचे काम नाकारले तर उद्याची भाकरी जाते. ज्याला 'नाही' म्हणणे परवडते, त्याच्यावर जबाबदारी अधिक.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने दहा लाखांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला सूट दिली होती. सदसद्विवेकबुद्धी अशी सूट देत नाही.

यापुढे आपल्यापैकी कोणी घर, किंवा मंडळी उपासनामंदिराची ओसरी बांधावयास काढील, तेव्हा कठडा, बूट व औषधपेटी यांचा खर्च वेगळा मांडावा आणि त्यात एक रुपयाही कमी करावयास सांगू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना जवळचे एखादे बांधकाम रस्त्यावरून दाखवावे, आणि विचारावे: येथे कठडा आहे का? नसेल, तर तो कोणी बांधावयास हवा होता?