बर्फ कुणासाठी फोडला?

जहाजाच्या इंजिनरूममध्ये हयात घालवलेल्या मामांशी हा वाद झाला. विषय पूर्व प्रशियाचा, 1945 च्या हिवाळ्यातला, सोव्हिएत फौजांपुढून जर्मन लोक पळत होते तेव्हाचा.

मी : फेब्रुवारीत पिलाऊ बंदराजवळ 'पोलक्स' हा जर्मन आइसब्रेकर सुरुंगाने बुडाला. अशा बर्फ फोडणाऱ्या जहाजांनी वाट मोकळी ठेवली म्हणून निर्वासितांनी भरलेली जहाजं बाहेर पडू शकली. त्यांचा इतिहास तारणहारांचा म्हणूनच लिहायला हवा.

मामा : आणि जानेवारीत एल्बिंगच्या गोदीतल्या अर्धवट टॉर्पेडो बोटी काढायला फ्रिशेस हाफ या गोठलेल्या खाडीत जो मार्ग फोडला, तो? त्याच बर्फावरून माणसं चालत येत होती. त्यांची वाटच कापली गेली.

मी : तो हुकूम होता. जहाजाने काय करायचं?

मामा : मग माणसं वाचवणं हाही हुकूमच होता. श्रेय जहाजाचं आणि दोष हुकुमाचा, असं कसं चालेल?

मी : त्याच गोदीत बांधलेल्या टी-36 या टॉर्पेडो बोटीने 'विल्हेल्म गुस्टलोफ' हे निर्वासितांचं जहाज बुडालं त्या रात्री साडेपाचशेहून जास्त माणसं पाण्यातून काढली. युद्धनौकाही वाचवतात, मामा.

मामा : वाचवतात. पण टी-36 पूर्ण बांधून समुद्रावर होती. वाट कापली ती अर्धवट सांगाड्यांसाठी. फोडलेला बर्फ त्या थंडीत पुन्हा धरतो, पण पातळ. वर हिम पडलं की कडा दिसत नाही, आणि भरलेली घोडागाडी तिथे थेट खाली जाते.

मी : खलाशांनी नकार दिला असता तर गोळी खाल्ली असती.

मामा : खलाशाला मी दोष देतच नाही. खाली इंजिनरूममध्ये त्याला काही दिसत नाही. टेलिग्राफवर 'अस्टर्न' आलं की मागे, 'अहेड' आलं की पूर्ण जोराने पुढे. नाक बर्फावर चढतं, वजनाने बर्फ मोडतो, पुन्हा मागे. तासन्‌तास हेच. कुणासाठी, हे त्याला नको विचारूस. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र विचारायलाच हवं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला राग येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

मी : ती माणसं मुळात बर्फावर का होती? तिथल्या नाझी प्रांतप्रमुखाने, गाउलायटर एरिख कोखने, वेळेवर निघायलाच बंदी घातली म्हणून. आणि एप्रिलमध्ये तोच पिलाऊहून पळाला, 'ओस्टप्रॉयसन' या आइसब्रेकरवरून! एप्रिलमध्ये कसला बर्फ फोडायचा होता? पुढे पोलंडच्या तुरुंगात 1986 पर्यंत जगला.

मामा : मग?

मी : त्या खलाशांनी त्याला चढू द्यायला नको होतं.

मामा : आता हुकूम आठवला नाही तुला? गोळीही नाही?

मी : आठवला. तरी चढू द्यायला नको होतं.

मामा : मग जानेवारीतल्या खलाशांनाही हेच सांगावं लागेल, बघ.