शिडीवरचा मुक्काम

7 मे 2024 रोजी बारामती लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. भोंगवली हे याच मतदारसंघातल्या भोर तालुक्याच्या पूर्वेकडचं, नीरेच्या खोऱ्यातल्या सखल पट्ट्यातलं गाव. तिथं मतदान यंत्र पोहोचणं ही काही बातमी होत नाही, गाडी थेट गावात जाते. याच तालुक्याच्या पश्चिमेला मात्र मतदान पथकाला सामान घेऊन रायरेश्वराचं पठार चढावं लागलं. वाटेत कड्याला टेकवलेली लोखंडी शिडी आणि वर दीडशेच्या आसपास मतदार. कौतुक साहजिकच पथकाचं झालं. हीच चढउतार मीठमिरचीसाठी बाराही महिने करणाऱ्यांची बातमी कोण करणार?

अशी अवघड जागची वस्ती म्हटलं की डोळ्यांसमोर येतं अंटार्क्टिकावरचं व्होस्तोक केंद्र, जिथं 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश तापमान नोंदलं गेलं. नाहीतर पेरूमधलं ला रिंकोनाडा हे सोन्याच्या खाणींभोवती वाढलेलं, पाच हजार मीटरहून उंचावरचं गाव. त्यांच्यापुढे रायरेश्वराची साडेचार हजार फूट उंची किरकोळच. सिमला याच्या दीडपट उंच आहे आणि तिथं 1903 पासून रेल्वे जाते.

म्हणजे माणूस अडतो तो उंचीपाशी नव्हे, वाटेपाशी.

मग वर राहायचं कशाला? सह्याद्रीची ठेवणच तशी आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यांच्या कडा झिजून उभे कडे झाले, माथा मात्र सपाट राहिला. त्या सपाटीवर माती धरते, पावसाचं पाणी मुरतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं. रायरेश्वरावर गायमुखाचं पाणी आहे, नाचणी-वरई पिकते, गुरांना चारा मिळतो. शिवाय महादेवाचं देऊळ आहे, आणि त्याच्या सेवेला बांधलेली जंगम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहेत. शिवरायांनी 1645 मध्ये इथं स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा आहे. ट्रेकर येतात ते बहुधा तिच्यामुळे. अन्न, पाणी आणि देव हाताशी असले तर जागा गैरसोयीची असेल, पण ती वेडेपणाची ठरत नाही. काही वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर खाली सुटा केला, त्याचे भाग माणसांनी वर चढवले आणि पठारावर पुन्हा जोडले. शेती सोडायची असती तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

अंटार्क्टिकावरचा मुक्काम याच्या अगदी उलट. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह तिथं गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच मोहिमेनं उभारलेलं ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र पुढे बर्फात गाडलं गेलं, म्हणून ‘मैत्री’ हे नवं केंद्र खडकाळ जमिनीवर बांधावं लागलं. तिथली थंडी जीवघेणी खरीच. पण शिधा जहाजानं येतो, पगार चालू असतो, आणि परतीचा हंगाम निघण्याआधीच ठरलेला असतो. जागा राहण्याजोगी नसली तरी सरकार ती तेवढ्यापुरती राहण्याजोगी करून देतं. अर्जेंटिनानं तर 1978 मध्ये एस्पेरांझा तळावर एका बाळाचा जन्मही घडवून आणला. त्यामागे वात्सल्यापेक्षा जमिनीवरचा दावा मोठा होता. चिलीच्या व्हिला लास एस्त्रेयास तळावर दीर्घकाळ राहायला जाणाऱ्यांना आधी अपेंडिक्स काढून घ्यावं लागे, अगदी मुलांनासुद्धा. जवळ मोठं इस्पितळ नाही, म्हणून ही खबरदारी.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वस्त्यांना अशी पूर्वतयारी कोण करून देणार? माणूस पावसाळ्यात आजारी पडला, तर धुक्यातून, निसरड्या वाटेनं त्याला डोलीत घालून उतरवायचं, आणि डोलीला चार धडधाकट खांदे लागतात. तरुण पोरं पुण्याला कामाला गेली की आधी कमी पडतात ते हे खांदे. त्यामुळे अशा वस्तीचा कठीणपणा दरवर्षी सारखा राहत नाही. कडा तेवढाच असतो, उचलणारे घटतात. शनिवार-रविवारी पिठलं-भाकरीसाठी टेकणाऱ्या पाहुण्याला ही शिडी म्हणजे सहलीची गंमत वाटते, आणि त्याच्या पैशानं घराला हातभारही लागतो. पण रस्ता हवा की नको, हे ठरवताना त्याचं मत विचारायचं कारण नाही. ज्याला गहू दळून आणायचाय, त्याला विचारावं.