चाळणीतले नव्व्याण्णव दाणे

इंटर्नशिपच्या मुलांनी गावात शिबिर घ्यायचं ठरवलं. त्यातल्या एकाने रात्र जागून फलक रंगवला : ‘सर्वांची नखशिखांत तपासणी, मोफत.’ त्याची मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली होती. अंगावरून जातंय हे तिने दोन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. अशा मुलाला ‘थांब’ म्हणायला जीभ रेटत नाही.

त्यांना शिकवणाऱ्या मॅडमही तसं म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात चाळणी आणि ज्वारी घेऊन आल्या. मुलांकडून हजार दाणे मोजून घेतले, दहांना गेरू लावला.

“हे दहा आजारी. आपली चाचणी चांगली आहे. शंभर आजाऱ्यांतले नव्वद पकडते, शंभर निरोग्यांतले नव्वद सोडते. जे पकडले जातील ते चाळणीत टाक.”

फलकवाल्या मुलाने लाल नऊ टाकले. एक निसटला. मग निरोगी ९९० मधले चुकून अडकणारे दहा टक्के, म्हणजे ९९. ते एकेक मोजून टाकताना पन्नाशीपुढे त्याचा हात मंदावला. नऊ लाल दाणे पांढऱ्यांत कुठे गेले, दिसेनात.

“आता डोळे मिटून एक उचल.”

पांढरा. पुन्हा पांढरा. पाचव्यांदाही पांढराच.

“ह्या बाईला आज रात्री झोप लागेल? उद्या तालुक्याला जायचं, सुई टोचून घ्यायची, रोज बुडवायचा, आणि घरात कुणाशी बोलायचं नाही.”

“पण मॅडम, नऊ जणी तर वाचतील ना?”

“सापडतील. वाचतील की नाही, हे वेगळं विचारायचं.”

मग त्यांनी दक्षिण कोरियाची हकिकत सांगितली. तिथे १९९९ नंतर सरकारी कॅन्सर तपासणीबरोबर थोडे जास्त पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायची रीत पडली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. त्याने मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. जे कधीच त्रास देणार नव्हते असे बारीक कॅन्सर शोधून हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांच्या नशिबी जन्मभराच्या गोळ्या आल्या, काहींचा आवाजही बसला.

मुलाचे डोळे भरून आले. “म्हणजे मावशीसाठी काहीच करता आलं नसतं?”

“आलं असतं,” मॅडम त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. “आणि ते आपल्याच मराठवाड्यात सिद्ध झालंय.” उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक निरोगी बायकांचे गट पाडून अभ्यास केला, आठ वर्षं माग ठेवला. एकदाच केलेल्या एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते छापून आलं. या आजाराचा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि त्याआधीच त्याची मुळं काढता येतात. शिवाय तिथे पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुढची तपासणी आणि उपचार मिळत होते. चाचणीइतकंच हेही मोलाचं.

मुलाने फलक उलटा केला. कोऱ्या बाजूवर एकच चाचणी लिहिली, वय लिहिलं आणि तारखेची जागा मोकळी ठेवली. मग बाहेर जाऊन जिल्ह्याच्या रुग्णालयाला फोन लावला.

“शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या बायकांना तुम्ही किती दिवसांत घ्याल? हो, आधी तेच सांगा. तारीख त्यानंतर ठरवतो.”