नालीच्या दुसऱ्या टोकाला



मृग जवळ आला की आपल्या धर्मग्रामात दोन कामांची घाई सुरू होते. शेतकऱ्यांना पेरणीची आणि घर बांधणाऱ्यांना स्लॅबची. पावसाआधी स्लॅब पडला पाहिजे, म्हणून रस्त्याच्या कडेला वाळू, खडी आणि पायातून निघालेली काळी माती यांचे ढीग लागतात. मग पहिला मोठा पाऊस येतो आणि एका रात्रीत ढीग निम्मा होतो. वाळूचे आजचे भाव पाहता घरमालकाने हळहळणे साहजिक आहे. पण ती गेली कुठे, हे सहसा कुणी विचारत नाही.

जे पाण्याबरोबर वाहून गेले, ते आपल्या जबाबदारीतूनही गेले काय? हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडे पावसाच्या पाण्याची वाट वेगळी आणि सांडपाण्याची वेगळी, अशी सोय क्वचितच असते. दारापुढची एकच नाली दोन्ही वाहते. मोठ्या पावसात तिचे पाणी कुठेही गाळले जात नाही की शुद्ध केले जात नाही. ते ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. जालना शहराचे पाणी सीना आणि कुंडलिकेत उतरते. कुंडलिका दुधनेला मिळते. दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधना धरण आहे. पुढे दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी नांदेडच्या घाटांवरून तेलंगणात जाते. आपल्या दारात जी नाली सुरू होते, तिचे दुसरे टोक कुणाच्या तरी पाणवठ्यावर आहे. तिथे राहणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत नाही, एवढेच.

पत्र्यावरून येणारे पहिले पाणी आपल्या घरच्या स्त्रिया हंड्यात धरत नाहीत. ते उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, हे त्यांना शिकवावे लागत नाही. रस्त्याचेही तसेच आहे. गाडीखाली ठिबकलेले ऑइल, साबणाचा फेस, रंगाचे ब्रश ज्यात धुतले ते टर्पेंटाइन, सिमेंटचे पाणी, हे सारे पहिल्या सरींत एकदम सुटते. सिमेंटचे पाणी साधे गढूळ पाणी नव्हे, ते चुन्यासारखे दाहक असते. आपल्यातील गवंडी बांधवांच्या फाटलेल्या बोटांना हे विचारावे. ज्या पाण्याने माणसाची कातडी सोलते, ते लहानशा ओढ्यातल्या माशांचे काय करील? काळ्या मातीचे कण तर इतके बारीक की ते कित्येक दिवस खाली बसतच नाहीत, आणि बसतात तेव्हा तळ्याधरणांचा गाळ होतो. घाणेवाडी तलावातला गाळ काढण्यासाठी किती माणसांना किती खपावे लागले, हे जालनेकरांनी पाहिले आहे.

शिवाय नाली तुंबते ती वेगळीच. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जिल्ह्यात अख्ख्या वर्षातसुद्धा सरासरीने एवढा पडत नाही. असल्या पावसाने पूर आलाच असता. पण प्लास्टिकने चोंदलेली गटारे आणि भराव टाकून आवळलेले मिठी नदीचे पात्र यांनी संकट वाढवले, हेही तेव्हा सर्वांना कळून चुकले.

यावर आपली नेहमीची उत्तरे असतात. पहिले म्हणजे, “फादर, माझ्या एका घमेल्याने काय होणार आहे?”

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ग्रीकांचे एक जुने कोडे भेटते. वाळूच्या ढिगातून एक कण काढला, तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला, तरीही राहतो. मग तो ढीग नाहीसा होतो तो कोणत्या कणाने? विद्यार्थ्यांना ही शब्दांची कसरत वाटते. पण रस्त्यावरची वाळू पाहिली की कोड्यातला दंश जाणवतो. प्रत्येक घमेले खरोखरच निरुपद्रवी आहे, आणि नदी खरोखरच मेली आहे. चूक आपल्या मोजण्यात आहे. आपण एकट्याचे घमेले मोजतो, पण कृती एकट्याची नसते. शेजारीही तेच करणार आहे हे ठाऊक असताना जो आपले घमेले ओततो, तो त्या सगळ्या घमेल्यांत भागीदार होतो.

दुसरे उत्तर कारखान्यांकडे बोट दाखवते. मोठ्याने अधिक घाण केली तर त्याचा दोष अधिक, यात वाद नाही, आणि त्याला जाब विचारलाच पाहिजे. मात्र त्यासाठी कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. बांधकामाचा मलबा आपल्याच जागेत ठेवावा, रस्त्यावर वा नालीत टाकू नये, हे सरकारच्या 2016 च्या नियमांनी साध्या घरमालकालाही सांगितले होते. पण आपल्या दारातले घमेले तपासायला कोणता अधिकारी येणार? तिथे सद्सद्विवेकबुद्धी हीच एक तपासनीस आहे.

घर बांधणाऱ्याला पवित्र शास्त्रानेही नियम घालून दिला आहे. नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा अनुवादाच्या 22व्या अध्यायाचा आशय आहे. निर्गमाच्या 21व्या अध्यायात खड्डा खणून उघडा ठेवणाऱ्याकडून, त्यात पडलेल्या बैलाची भरपाई घेतली आहे. पडणारा कोण, तो ओळखीचा होता का, पाडण्याचा हेतू होता का, यांतले काहीच विचारलेले नाही. आम्हाला तर वाटते, आजच्या घराचा कठडा जोत्याजवळही लागतो.

आता भरपाईचा प्रश्न. चोरलेले परत केल्यावाचून चोरीचे प्रायश्चित्त पुरे होत नाही, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो. पण सेलूकडच्या अनोळखी माणसाचे पाणी नासले, तर परत कुणाला करायचे? 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी जवळपास हाच प्रश्न घेतला आहे. धनी सापडत नसेल, तर त्याच्या कल्याणासाठी ते दानधर्मात द्यावे, असे ते म्हणतात. माणूस अनोळखी आहे म्हणून देणे फिटत नाही.

तिसरे उत्तर आमच्या मनाला अधिक लागते, कारण ते गरिबाचे आहे. “मालक म्हणतो, धू नालीतच. मी रोजंदारीचा माणूस, काय करू?” आमचे मत स्पष्ट आहे. दोष प्रथम त्याचा, ज्याच्या हाती निवड आहे आणि ज्याचे चार पैसे वाचतात. मजुराने एकदा सांगून पाहावे. तो रोज बुडवून घेऊ शकत नाही, आणि देव त्याच्याकडून मालकाचा हिशेब मागणार नाही. आपल्यापैकी जे मालक आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

खर्च तरी किती आहे? ढिगावर ताडपत्री टाकावी आणि भोवती मुरूम भरलेल्या पोत्यांची एक रांग लावावी. घमेली, थापी, मिक्सर भरावाच्या जागी एका खड्ड्यात धुवावे. ते पाणी आटले की उरलेले घट्ट होते आणि भरावातच जिरते. जळके ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्यावे. गाडी रस्त्यावर न धुता मातीवर धुवावी. कपाशीवर फवारणी करणाऱ्यांनी पंप ओढ्यात न खंगाळता ते पाणी त्याच शेतात टाकावे. शोषखड्डा मुरमात चांगला चालतो, काळ्या मातीत नुसता खणून उपयोग नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

चर्चच्या आवारात भिंतीचे काम काढले आहे आणि फाटकाजवळ वाळू येऊन पडली आहे. ज्यांच्या घरी सिमेंटची रिकामी पोती असतील, त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सेला येताना ती आणावीत. चाळीस पुरतील. मुरूम आहे. ताडपत्री एक मिळाली आहे, दुसरी हवी आहे.