पुरोहिताच्या घरचे सोयर आणि यजमानाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे निरूपण करताना भगवंतांनी असे सांगितले आहे की, देवांनी दिलेले भोग त्यांना काहीही न अर्पिता जो एकटाच भोगतो, तो चोरच होय. हा उपदेश बहुधा नैवेद्य, दान व अतिथिसत्कार यांपुरताच लावला जातो. परंतु ज्याच्या हातून तो नैवेद्य देवाला अर्पण होतो, त्या पुरोहिताच्या संसाराचे गृहस्थ काही देणे लागतो की नाही, याचा विचार क्वचितच केला जातो.

बंगळूर शहरातील बेळ्ळंदूर हे पूर्वी मोठ्या तलावाच्या काठचे खेडे होते. आज त्याच्या सभोवती संगणक-व्यवसायाच्या भव्य कचेऱ्या उभ्या असून महाराष्ट्रातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे नांदत आहेत. अशा घरी अपत्य जन्मले म्हणजे पुष्कळ कंपन्या पित्यास काही दिवसांची भरपगारी रजा देतात. केंद्र सरकारच्या सेवेतील पुरुषास, त्याची हयात अपत्ये दोनांहून कमी असल्यास, अशी १५ दिवसांची रजा मिळते. बाराव्या दिवशी बारसे होते. पुरोहित येतो, नामकरण करतो, बालकास आशीर्वाद देतो. आता त्याच पुरोहिताच्या घरी पाळणा हलला तर काय होते? सोयर आले म्हणून त्याला दहा दिवस देवकार्य वर्ज्य होते. त्याला कोणी बोलावीत नाही आणि म्हणून कोणी दक्षिणाही देत नाही. यजमानाला अपत्यजन्माने सवेतन रजा मिळते, पुरोहिताला बिनवेतनी! हा भेद धर्माने केलेला आहे काय?

शास्त्राकडे पाहिल्यास उलटच दिसते. जातकर्म हा संस्कार नाळ कापण्यापूर्वी करावा, असे मनुस्मृती सांगते. पिता जवळ नसेल तर तो यथाकाल कसा व्हावा? दहाव्या वा बाराव्या दिवशी नामकरण, चौथ्या महिन्यात बालकास घराबाहेर नेण्याचे निष्क्रमण, अशी संस्कारांची मालिकाच पित्याला प्रसूतिगृहाच्या दाराशी आणून उभी करते. पिता म्हणजे केवळ जन्मदाता नव्हे, तो संस्कारांचा अधिकारी आहे, हाच त्याचा अर्थ.

जननाशौचाचेही असेच आहे. त्या दिवसांत देवपूजेचा भार उतरविलेला असतो, म्हणजे एका परीने ती शास्त्राने दिलेली रजाच होय. शिवाय हे आशौच सपिंडांनाही लागत असल्यामुळे सख्ख्या भावाला वा चुलत्याला पूजेस पाठवून भागत नाही. परक्या कुळातील माणूस आणावा लागतो आणि त्या दिवसांची दक्षिणा त्याच्या घरी जाते. सूतक मातेलाच असून पिता स्नानाने शुद्ध होतो, असाही पक्ष मनुस्मृतीत आहे. ज्या कुळाचा तसा आचार असेल त्याने तो अवश्य पाळावा. परंतु दहा दिवसांचा आचार असलेला एखादा पुरोहित केवळ घरातील डबा रिकामा झाला म्हणून तिसऱ्याच दिवशी स्नान करून पळीपंचपात्र उचलीत असेल, तर तो निर्णय शास्त्राचा नसून उपासमारीचा आहे. आणि त्याचा दोष एकट्या त्याच्या माथी मारता येणार नाही.

पूर्वी या अडचणीवर एक उपाय होता. जुन्या म्हैसूर राज्यात देवालयांना इनाम जमिनी असत. पुजारी दहा दिवस गाभाऱ्याबाहेर राहिला तरी शेतातील पीक थांबत नसे. १९५५ च्या कायद्याने तेथील धार्मिक इनामे रद्द झाली आणि जमिनीच्या जागी तस्तीक या नावाची रोख रक्कम आली. कर्नाटकात धर्मादाय खात्याच्या कक्षेतील सुमारे ३४ हजार देवालये 'क' वर्गात, म्हणजे वार्षिक ५ लाख रुपयांहून कमी उत्पन्नाच्या वर्गात मोडतात. अशा देवालयाची तस्तीक वर्षाला ६० हजारांवरून ७२ हजार रुपये करण्याची घोषणा राज्याच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात झाली. महिन्याला हे ६ हजार रुपये होतात. एवढ्या तुटपुंज्या रकमेत बदली माणसाचे मानधन बसवावे कोठून? आणि जो देवालयात नसून घरोघरी जाऊन सत्यनारायण, वास्तुशांती व बारशी करतो, त्याला तर एवढाही आधार नाही.

अर्चकाची नेमणूक ही ऐहिक स्वरूपाची बाब असून तो देवालयाचा सेवक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली शेषम्मल प्रकरणात म्हटले. पंढरपुरातही १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले व २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर पूजेची व्यवस्था मंदिर समितीकडे आली. पुरोहिताला सेवक म्हणावयाचे, तर सेवकाला जे मिळते ते त्याला नाकारावयाचे हे न्यायाचे नव्हे. इंग्लंडच्या राज्यमान्य ख्रिस्ती धर्मसंस्थेने २००९ च्या सेवानियमांत आपल्या धर्मोपदेशकांसाठी पितृत्वाच्या रजेची तरतूद केली. ज्या धर्मात बालकाच्या जन्माबरोबरच पित्याचे कर्तव्य सुरू होते, त्या धर्माच्या अनुयायांनी या बाबतीत मागे राहावे हे शोभत नाही.

यावर कोणी म्हणेल की, पुरोहिताने निष्काम असावे. वेतनाचा हिशेब त्याने का करावा? त्याचे उत्तर असे की, निष्कामता हे साधकाने स्वतःच्या अंतःकरणाला लावण्याचे माप आहे, दुसऱ्याचा वाटा मोजण्याचे नव्हे. पुरोहिताने मागू नये हा त्याचा धर्म असेल. पण न मागता द्यावे हा यजमानाचा धर्म आहे. एकाच्या वैराग्यावर दुसऱ्याने काटकसर करणे याला लोभ म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, पत्नी व घर यांविषयी अनासक्ती सांगितली आहे. मग देवाची सेवा बाजूला ठेवून पुरोहिताने पुत्रमुख पाहत बसावे काय? येथे आसक्ती आणि कर्तव्य यांची गल्लत होते. आसक्ती 'माझे' म्हणून कवटाळते. कर्तव्य 'माझ्याकडे सोपविलेले' म्हणून सांभाळते. बाळंतिणीला रात्री पाणी देणे, तान्ह्याला सांभाळून तिला घटकाभर झोप मिळू देणे, यात मोह कसला? मोहाने नियत कर्माचा त्याग करणे याला तर अठराव्या अध्यायात तामस त्याग म्हटले आहे. गृहस्थाश्रमी पुरोहिताला पितृत्व हेही नियत कर्मच आहे. देवाची पूजा खंडित होऊ नये हे खरे. परंतु ती अखंड ठेवण्याची जबाबदारी समाजाची आहे, एका बाळंतिणीच्या एकटेपणावर ती उभी करता येत नाही.

म्हणून गृहस्थांनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात :

(१) देवालयाच्या विश्वस्तांनी सोयराच्या दिवसांचे पुजाऱ्याचे वेतन कापू नये व बदली पुजाऱ्याचे मानधन वेगळे द्यावे.

(२) बेळ्ळंदूरसारख्या ठिकाणी एकाच इमारतीतील जी कुटुंबे एकाच गुरुजींना बोलावितात, त्यांनी प्रत्येक कार्याच्या वेळी थोडी रक्कम बाजूस ठेवावी व त्यांच्या घरच्या अशा प्रसंगी ती एकत्र द्यावी.

(३) ही रक्कम भीक किंवा उपकार म्हणून न देता दक्षिणेच्याच भावनेने द्यावी.

(४) सोयर फिटेपर्यंत कार्य पुढे ढकलता येत असेल तर ढकलावे. दुसऱ्याला बोलावून नेहमीच्या गुरुजींचा संबंध तोडू नये.

ज्याच्या मुखातून सहस्रावधी बालकांच्या कानी त्यांचे नाव प्रथम पडले, त्याला स्वतःच्या बालकाचे नाव निश्चिंत मनाने ठेवता यावे, एवढी सोय करणे हेही यज्ञाचेच अंग होय. ते न करता घेतलेला आशीर्वाद हा देवांचे देणे न फेडता भोगलेल्या भोगासारखाच आहे.